रावसाहेबांचं ऑपरेशन

हे एका सशाच्या आजारपणाविषयी आहे, तेव्हा ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्यावं. आम्हीही पुष्कळ हसलो होतो. पण घरातलं म्हातारं जनावर आजारी पडतं, डॉक्टर "ऑपरेशन करता येईल, तुम्ही ठरवा" म्हणतात, आणि ते 'तुम्ही ठरवा' घेऊन आपण घरी येतो, तेव्हा विचारायला कुणी नसतं. माणसाच्या दुखण्यात सल्ला द्यायला अख्खी गल्ली येते. जनावराच्या दुखण्यात लोक फार तर "दुसरं आणा" म्हणतात. त्या दिवसांत मला असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणून लिहिते. यात औषधांची नावं नाहीत. ती मला तेव्हाही समजली नव्हती.

*

माझे यजमान वसंतराव नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. प्राध्यापक फळ्यासमोर बोलत, आणि बेडूक, उंदीर, क्वचित ससा उघडून आत खरोखर काय असतं ते वसंतराव दाखवत. आणीबाणी उठली त्या वर्षी काही कारणानं शेवटचं प्रात्यक्षिक झालंच नाही आणि पिंजऱ्यात एक पांढरा ससा उरला. सुट्टीत त्याला कोण खायला घालणार, म्हणून वसंतराव त्याला खोक्यात घालून सायकलच्या कॅरियरवरून घरी घेऊन आले. "सुट्टीपुरता," म्हणाले.

घरात आम्ही तिघं. वसंतराव, मी आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. लग्नानंतर लवकरच त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून त्या भावाकडेच होत्या. शिवणाचे क्लास घ्यायच्या. आई लवकर गेल्यामुळे वसंतरावांना त्यांनीच वाढवलेलं. त्या संध्याकाळी त्यांनी खोक्यात डोकावून विचारलं, "हाही कापायचाच का रे?"

वसंतराव मोरीत हात धूत होते. "नाही, याला कुणी कापणार नाही," म्हणाले आणि चहा मागितला.

सुट्टी संपली. कॉलेजला सशाची आठवण झाली नाही आणि वसंतरावांनी ती करून दिली नाही.

'रावसाहेब' हे नाव वन्संचं. ससा व्हरांड्यात सावकाश एक फेरी मारायचा, मग पायरीशी बसून अर्धे डोळे मिटून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा पाहायचा, की आपण अर्ज घेऊन आलोय आणि तो आज निकाली निघणार नाही, असं वाटावं. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत असे. ज्यांना काम कमी त्यांच्या पदव्या लांब, हे मला पुस्तकांतून माहीत होतंच. रावसाहेबांना कामच नव्हतं.

*

वसंतराव गेले ते अचानक. कॉलेजातच, दुपारी. मी शाळेत आठवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात उभा राहिला आणि बोलेना, तेव्हाच कळलं. दवाखाना नाही, उशाशी बसणं नाही, औषधाची वेळ नाही, कुणी काही ठरवायला सांगितलं नाही. नंतर लोक म्हणाले, "भाग्यवान, कुणाला त्रास दिला नाही." मला तो त्रास हवा होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकणाऱ्याला ते वेडेपणाचं वाटलं असतं.

शोकसभा झाली. अध्यक्षांनी वसंतरावांना 'वनस्पतिशास्त्राचा निष्ठावान सेवक' म्हटलं आणि उरलेला वेळ स्वतःच्या विलायतेच्या प्रवासाबद्दल सांगितलं.

रावसाहेबांनी दुःख केलं असं मी लिहिणार नाही. पाळीव प्राण्यांच्या गोष्टींत ते करतात. आमच्या रावसाहेबांनी फोटोला घातलेल्या हारातली खाली लोंबणारी शेवंती खाऊन टाकली. वन्सं रागावल्या, मग दुसऱ्या दिवशी त्यांनीच हार थोडा खाली बांधला.

*

दुखणं सुरू झालं त्यानंतर दोनेक वर्षांनी, थंडीत. रावसाहेबांच्या खालचं गोणपाट लाल दिसलं. आदल्या दिवशी बीट घातलं होतं, त्यामुळे आम्ही बिटाला दोष दिला आणि बीट बंद केलं. गोणपाट लालच राहिलं. मग गाजर बंद केलं. ज्या गोष्टीची भीती वाटते ती सोडून बाकी सगळ्यांवर संशय घ्यायचा, यात किती दिवस जातात ते आजारपण काढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

शेवटी भाजीच्या करंडीत जुनं लुगडं अंथरलं, रावसाहेबांना त्यात बसवलं आणि टांग्यानं द्वारका चौकाच्या पलीकडे डॉक्टर आहेरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर सटाण्याकडचे. सरकारी नोकरी सोडून नुकताच त्यांनी गुराढोरांचा स्वतःचा दवाखाना काढला होता. दारात उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. ती आतल्या तपासायच्या टेबलापेक्षा लांब होती.

अंगणात घोटीकडचा एक शेतकरी बैल धरून उभा होता.

"करंडीत काय हाय वो बाई?"

"ससा."

"इकायला?"

"नाही. आजारी आहे. दाखवायला आणलाय."

त्यानं करंडीत वाकून पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि बैल बाजूला घेतला. "जा तुमी आदी. ह्यो उभा तरी हाय. तुमचं निजलंय."

आत कंपाउंडरनं वही उघडली. "नाव?"

"रावसाहेब," वन्सं म्हणाल्या.

"मालकांचं नको. जनावराचं सांगा."

"जनावराचंच सांगतेय."

डॉक्टर तरुण होते, चष्मा लावणारे, फारसे न बोलणारे. त्यांनी रावसाहेबांचं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, मग कंपाउंडरला त्यांना उताणं धरायला सांगितलं. वाकून पाहिलं.

"यांना रावसाहेब म्हणता तुम्ही?"

"हो."

"या मादी आहेत, बाई."

वन्संना तो घराण्याचा अपमान वाटला. "कसं शक्य आहे? आमचा वसंता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. प्रयोगशाळेत. त्यानंच आणलाय हा."

डॉक्टरांनी मान वर केली. "वसंतराव सर? तुम्ही सरांच्या घरच्या?" मग चष्मा काढून पुसला. "मी पहिला बेडूक सरांच्या हाताखाली उघडलाय. पण सरांना नर-मादी कळलं नाही, असं होणार नाही."

मला आधी हसू आलं. इतकी वर्षं आम्ही एका बाईला रावसाहेब म्हणून मान देत होतो आणि घरात प्राणिशास्त्राचा माणूस होता. मग कारण लक्षात आलं आणि हसू गेलं. प्रयोगशाळेत ससा उताणा घातला की पुढे काय व्हायचं ते वसंतरावांना माहीत होतं. रोज तेच काम. घरी त्यांनी रावसाहेबांना कधी उताणं केलं नाही. मांडीवर घेतलं तरी पोटाखाली हात देऊन, जमिनीवर बसतात तसंच बसवायचे. पिंजऱ्यावर 'नर' अशी चिठ्ठी होती आणि त्यांनी ती तपासून पाहिली नाही, एवढंच.

"गर्भाशयात गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "वयानं होते अशी. रक्त तिथूनच जातंय. काढता येईल. पण सशाला भूल सोसत नाही, त्यात वय झालेलं. टेबलावर जाऊ शकेल. मुंबईला मोठं इस्पितळ आहे, पण तिथवरचा प्रवास झेपेल असं वाटत नाही."

"आणि नाही काढली तर?"

"काही महिने. सोपे नसतील." त्यांनी रावसाहेबांना सरळ बसवलं आणि कानामागे बोट फिरवलं. "मी ससा कधी उघडलेला नाही, हेही सांगून ठेवतो. म्हणजे जिवंत राहावा म्हणून नाही. तुम्ही ठरवा. सर असते तर त्यांनाच विचारलं असतं."

मीही नेमकं तेच म्हणणार होते.

*

टांग्यात वन्सं एकच वाक्य बोलल्या. "जन्मभर बाई होती बिचारी, आणि कुणी विचारलं नाही."

नाव बदलायचा विषय निघाला, पण तो यमुनाबाईंनी संपवला. यमुनाबाई मखमलाबादहून रोज डोक्यावर पाटी घेऊन यायच्या. रावसाहेबांचा लसूणघास, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या मोडक्या जुड्या त्यांच्याकडूनच यायच्या. त्यांना मी मादीचं सांगितलं.

"मंग काय झालं? आमच्या म्हशीचं नाव शिरपती हाय. दूद देतीच की." पाटी खाली ठेवून त्या पायरीवर टेकल्या. "म्हातारपनी नाव नका बदलू बाई कुनाचं. लय वंगाळ वाटतं."

मग मी गाठीचंही सांगितलं. जाताना त्यांनी कोथिंबीर जास्तीची ठेवली.

वन्संचं मत पहिल्याच संध्याकाळी ठरलेलं होतं.

"ऑपरेशन नाही करायचं, सुमन."

"का?"

"वसंता म्हणाला होता, याला कुणी कापणार नाही."

"ते कापणं वेगळं होतं, वन्सं."

"सुरी तीच."

"सुरी तीच असेल. पण हे वाचवायला आहे."

"तो असं म्हणाला नव्हता, की वाचवायला असेल तर चालेल. कुणी कापणार नाही म्हणाला. मी ऐकलंय."

मीही ऐकलं होतं. हात धुताना, चहा मागायच्या आधी, सहज म्हटलेलं वाक्य. वसंतरावांनी आयुष्यात कधी शपथ घेतली नाही, त्यांना असल्या गोष्टींचं हसू यायचं. पण माणूस गेला की त्याचं सहज बोलणंही घरच्यांच्या हातात वचन होऊन बसतं. वन्सं माझ्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी माझ्याबरोबर जेवायचं बंद केलं. ताट वाढून ठेवायच्या आणि शिवणाच्या खोलीत जायच्या. मशीनचा आवाज यायचा. मी एकटी जेवायचे आणि रावसाहेब दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्याशी बसायचे, कारण तिथे ऊन यायचं. त्याचा दुसरा अर्थ लावायचा मोह मला झाला, पण ऊन सरकलं की तेही सरकायचे.

*

अशात वसंतरावांच्या खात्याचे माजी प्रमुख भेटायला आले. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. अंगावर सत्काराची शाल होती. ते एरवीही ती पांघरून फिरत. बसताना त्यांनी ती अशी सावरली की आता व्याख्यान होणार हे कळलं.

"शास्त्रीय दृष्टीनं पाहिलं पाहिजे," ते म्हणाले. "भावनेला यात स्थान नाही. वसंतराव शास्त्राचा माणूस. त्यांनी काय केलं असतं?"

मी म्हटलं, "मी तेच शोधतेय."

"माझं ऐकाल तर ऑपरेशन करा. जगलं तर उत्तम. दगावलं तर कॉलेजच्या संग्रहालयाला द्या. इतकं म्हातारं, गाठीसकट, असा नमुना आपल्याकडे नाही. मोठी बरणी मी मिळवून देतो. खाली चिठ्ठी लावू, कैलासवासी वसंतरावांच्या स्मरणार्थ. चिरंतन स्मारक होईल."

वन्सं चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. "साहेब, तुमचंही वय झालंच की आता. तुमची बरणी ठरली का हो?"

ते अर्धा चहा ठेवून गेले. फाटक लागल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो, पोट धरून, कित्येक दिवसांनी. मग वन्सं डोळे पुसून शिवणाच्या खोलीत गेल्या. मत बदललं नव्हतं.

*

ठरवायचं कसं, हे कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. काय केलं ते सांगते.

आधी मी वसंतरावांना विचारत राहिले. स्वयंपाक करताना, वह्या तपासताना. गेलेल्या माणसाला विचारण्यात एक मोठी सोय असते, तो आपल्याला हवं तेच बोलतो. वन्संचा वसंता नको म्हणत होता, माझे वसंतराव करा म्हणत होते. दोघंही ठाम. हे ध्यानात आलं तेव्हा फार एकटं वाटलं. ते असते तर त्यांनी कदाचित तिसरंच काही सांगितलं असतं, आम्हा दोघींना न सुचलेलं. माणूस नसणं म्हणजे ते तिसरं नसणं.

मग मी सशाकडे पाहायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दात खाऊ लागला तर दुखतंय असं समजा. एका सकाळी रावसाहेब व्हरांड्यात पाठ फुगवून बसले होते, फेरी मारली नव्हती, आणि जवळ गेल्यावर तो आवाज ऐकू आला. बारीक, वाळू चाळल्यासारखा. यमुनाबाईंनी लसूणघासाची पेंढी पुढे धरली. रावसाहेबांनी वास घेतला, दोन काड्या चावल्या, थांबले, पुन्हा दोन काड्या घेतल्या. दुखत होतं तरी खायचं होतं. ज्याला अजून खायचं आहे त्याला वाट पाहत ठेवू नये, असं मला वाटलं. एवढंच काय ते शहाणपण माझ्यापाशी होतं.

दुसरंही एक कारण होतं आणि ते सशाच्या हिताचं नव्हतं. या घरात वसंतरावांच्या मांडीवर बसलेला, त्यांच्या हातचं खाल्लेला जीव हा एकच उरला होता. वन्सं होत्या, पण त्या एका वाक्याच्या वादापलीकडे आम्ही दोघी त्यांच्याविषयी बोलत नव्हतो. एकीनं सुरुवात केली तर दुसरीला सोसणार नाही, असं दोघींनीही परस्पर ठरवून टाकलं होतं. रावसाहेब गेले की वसंतराव आणखी थोडे जाणार होते. ते मला लांबवायचं होतं. आपल्याला कुणाची ओढ लागली आहे म्हणून म्हाताऱ्या जनावराला टेबलावर घालणं योग्य की अयोग्य, ते मला आजही माहीत नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी निदान हे कारण स्वतःपासून लपवू नये, इतकंच म्हणेन. लपवलं की मग डॉक्टरांवर राग निघतो.

मी वन्संना सांगितलं, "मी करायचं ठरवलंय."

"बरं," त्या म्हणाल्या. "मी येणार नाही."

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कंपाउंडरनं निरोप दिला होता. संध्याकाळपासून पोटात काही जाऊ देऊ नका. माणसाच्या ऑपरेशनची रीत सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे मी शंका घेतली नाही. पाला उचलून ठेवला. रावसाहेब रिकाम्या वाटीशी जाऊन बसले आणि माझ्याकडे, अर्ज फेटाळताना पाहतात तसं पाहत राहिले.

सकाळी नाशिकची ती हाडं गोठवणारी थंडी. मी करंडी घेऊन बाहेर आले तर वन्सं शाल गुंडाळून फाटकाशी उभ्या. "टांगा थांबलाय," म्हणाल्या. मी आधी करंडी टांग्यात चढवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी करंडी उघडली. रावसाहेबांच्या मिशांना कोथिंबिरीचं पान चिकटलेलं होतं. डॉक्टरांनी ते दोन बोटांनी काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी वन्संकडे पाहिलं.

"मी घातली," वन्सं म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "पहाटे. अख्खी जुडी. आमच्या घरातून उपाशीपोटी कुणाला बाहेर धाडत नाहीत."

डॉक्टर आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ पानं उलटल्याचा. मला वाटलं, आता परत पाठवतील. परत पाठवलं तर पुन्हा इथवर यायचं बळ माझ्यात नव्हतं. ते जाडजूड पुस्तक तसंच हातात घेऊन बाहेर आले.

"सशाला ओकारी येत नाही," ते म्हणाले. "उपाशी ठेवायची गरज नसते. उलट पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं आणि मग तेच जिवावर येतं. मी गाई-म्हशींचा माणूस. कंपाउंडरनं कुत्र्याचा नियम सांगितला आणि मी ऐकलं नाही काय सांगतोय ते. खाल्लं ते बरं झालं."

वन्संनी ते पुस्तक स्वतः लिहिल्यासारखी मान हलवली.

दार लागलं. आम्ही त्या संगमरवरी पाटीखालच्या बाकावर बसलो. समोर एक म्हैस रवंथ करत होती. बराच वेळ गेला. मग वन्सं म्हशीकडेच पाहत म्हणाल्या, "वसंता त्या दिवशी नुसत्या चहावर गेला होता. पोहे होत होते. मी म्हटलं थांब, तर म्हणाला उशीर होतोय."

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्या आधी शाळेत गेले होते.

"मला कालपासून ती रिकामी वाटी दिसत होती," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. भाऊ गेल्याच्या दिवसाबद्दल त्या माझ्यापाशी बोलल्या ती ही पहिली वेळ.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. "आहे," म्हणाले. "मध्येच श्वास अगदी मंदावला. सर सांगायचे, घाबरलात की हात उचला आणि टेबलापासून एक पाऊल मागे व्हा. मी झालो. कंपाउंडरला वाटलं मी सोडून दिलं." ते थोडे हसले. "मग श्वास परत नीट आला. मग शिवलं."

*

ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. रावसाहेब शेगडीपाशी, गरम पाण्याच्या रबरी पिशवीला टेकून पडून राहिले. खाईनात. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाल्लं आणि लेंड्या टाकल्या तर जगला, नाहीतर आपण केलेलं सगळं फुकट. घरात दुसरा विषय राहिला नाही. वन्सं चमच्यानं पेज भरवत, ती हनुवटीवरून खाली येई. यमुनाबाई पाटी उतरवून समोर बसल्या. "खात नाय? मंग मी बी उठत नाय. बाजार गेला खड्ड्यात." आणि कोवळी मेथी एकेक पान करून नाकापुढे धरत राहिल्या. शेवटी एक पान आत गेलं. ते हळूहळू आत जाताना आम्ही तिघी जणू सिनेमा पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी गोणपाटावर दोन लेंड्या दिसल्या. मी इतिहासाची एम.ए., पण त्या पाहून मी वन्संना जशी हाक मारली, तशी कुठल्याही निकालाच्या वेळी मारली नसेल.

पुढे रावसाहेब तो आणि त्याच्या पुढचा द्राक्षांचा हंगाम जगले. मग एका दुपारी सावलीत झोपले ते उठले नाहीत. गाठ परत आली नव्हती. तेवढ्या दिवसांसाठी एवढा खटाटोप करावा का, असं लोक विचारतात. मी उत्तर देत नाही. पण ऑपरेशनमुळे मला काय मिळालं ते सांगायचं राहिलंय.

*

जखम रोज पुसून औषध लावायचं होतं. ते एकटीला जमत नाही. एकीनं धरायचं, दुसरीनं पुसायचं. सकाळी ऊन अंगणात आलं की वन्सं पाटावर बसायच्या, रावसाहेबांना मांडीवर उताणं घ्यायच्या आणि मी समोर कापूस घेऊन बसायचे. ज्या दोघी एका ताटापाशी बसत नव्हत्या त्यांना गुडघ्याला गुडघा लावून बसणं भाग पडलं. रावसाहेबांनी हिसका देऊ नये म्हणून कुणीतरी हळू आवाजात सतत बोलत राहायला हवं, असं वन्संच्या लक्षात आलं. बोलायचं काय? पहिल्या दिवशी त्या रामरक्षा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ती लवकर संपली, जखम पुसून व्हायची होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "वसंता वणीच्या यात्रेत हरवला होता, तुला सांगितलंय का कधी?"

"नाही."

"एवढासा होता. सगळा गड पालथा घातला. बाबांना तर रडू फुटलं. आणि हा कुठे, तर एका कासाराच्या पथारीवर बसून बांगड्या लावतोय. हिरव्यांत हिरव्या, लालांत लाल. कासार म्हणाला, न्या हो पोराला, गिऱ्हाईकाला हात लावू देत नाही."

मी कापूस हातात धरून बसले होते. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या काचा, चिमटे, कात्र्या मला दिसल्या, एकाखाली एक, मापानुसार लावलेल्या. आमच्या लग्नाला वीसवर वर्षं झाली होती आणि हे मी ऐकलं नव्हतं. ते गेले तेव्हा त्यांच्याविषयीचं सगळं माझ्यापाशी जमा झालंय आणि आता त्यात भर पडणार नाही, असं मी धरून चालले होते. आता समोर बसलेल्या बाईपाशी त्यांची माझ्या आधीची सगळी वर्षं होती.

त्यानंतर रोज एक आठवण. कधी मोठी, कधी दोन वाक्यांची. त्यांना लस टोचून घेताना घेरी यायची. घरी दाणे फोडताना ते टरफलं खारीला द्यायचे आणि दाणे खायचे विसरायचे. जखम पुसायला लागायचा त्याहून जास्त वेळ आम्ही बसायला लागलो. रावसाहेब सोसायचे.

मग डॉक्टर येऊन टाके काढून गेले. म्हणाले, "छान भरलंय. आता पुसायची गरज नाही." मी आभार मानले. ते गेल्यावर घरात फिरताना मला उदास वाटलं, आणि कारण कळूनही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या तयारीत होते. अंगणात ऊन आलं होतं. वन्सं पाटावर बसल्या होत्या, मांडीवर रावसाहेब, शेजारी वाटीत कापूस आणि औषध, रोजच्यासारखं मांडून ठेवलेलं.

"वन्सं, जखम भरलीय ना. डॉक्टर काल म्हणाले."

"माहितेय मला," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसले.

"वसंता पाचवीत होता," त्यांनी सुरुवात केली.